पेपर सुटले, लघुप्रबंध राहिला: सामाजिक शास्त्रांतली पदव्युत्तर पदवी पुरी करायची तर

प्रश्न असा आहे: ‘मी समाजशास्त्रात पदव्युत्तर पदवी करते आहे. तीन सत्रांचे सगळे पेपर सुटले, आता फक्त लघुप्रबंध राहिलाय. सोबत नोकरी आहे. विषय घेतलाय समाजमाध्यमांचा तरुणांवर होणारा परिणाम. मार्गदर्शक म्हणतात विषय फार मोठा आहे, पण कमी काय करायचं ते कळत नाही. पदवी हातात पडायला एकूण काय काय लागतं? लघुप्रबंधाऐवजी जादा पेपर देऊन भागेल का? आणि किती जणांच्या मुलाखती घेतल्या म्हणजे पुरे?’

तुमच्या प्रश्नातला ‘फक्त’ हा एक शब्द मला खटकला. गेली वीसेक वर्षं मी लघुप्रबंधांना मार्गदर्शन करते आहे आणि परीक्षक म्हणून तपासतेही आहे. पेपर राहिल्यामुळे पदवी अडलेले विद्यार्थी मी मोजकेच पाहिले. राहिलेला पेपर पुढच्या खेपेला सुटतो. पदवी अडते ती लघुप्रबंधावर. तिथेही लिहिता येत नाही म्हणून अडलेले थोडेच. बहुतेकांचा प्रश्न धड ठरलेला नसतो आणि परवानग्या उशिरा मागितलेल्या असतात. म्हणून तुमच्या सगळ्या प्रश्नांना उत्तर देते, पण बराचसा वेळ या दोन गोष्टींवर घालवणार आहे.

आधी हिशेबाचं. पदवीला काय लागतं हे नियमपुस्तिकेत श्रेयांकांत (क्रेडिट्समध्ये) मांडलेलं असतं आणि ते देशागणिक वेगळं दिसतं. युरोपात पूर्ण वेळ शिकण्याचं एक वर्ष म्हणजे ६० श्रेयांक, आणि पदव्युत्तर पदवी साधारण ९० ते १२० श्रेयांकांची. ब्रिटनमध्ये १८० श्रेयांक, त्यांतले बहुधा ६० एकट्या प्रबंधाचे. अमेरिकेत तीस ते छत्तीसच्या आसपास. भारतात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बऱ्याच विद्यापीठांत ८० ते ९०. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तोलू नका, कारण मापच वेगळं आहे. ब्रिटनमधला एक श्रेयांक म्हणजे वर्ग, वाचन, लेखन सगळं धरून दहा तासांचं काम, युरोपातला पंचवीस ते तीस तासांचं. भारतात आणि अमेरिकेत हिशेब मुख्यतः वर्गातल्या तासांवर चालतो: सत्रभर, म्हणजे साधारण पंधरा आठवडे, दर आठवड्याला एक तास.

यातून तुमच्या कामाची एक गोष्ट मात्र काढून घ्या. ६० श्रेयांकांचा प्रबंध म्हणजे ब्रिटिश हिशेबाने ६०० तास. नोकरी सांभाळून आठवड्याला बारा तास निघत असतील तर ते पन्नास आठवडे झाले. तुमचा लघुप्रबंध याहून लहान असेल, कदाचित निम्म्यानेही. तरी ‘एका सुट्टीत उरकून टाकते’ हा बेत त्यात बसत नाही. पहिल्या भेटीत मी प्रत्येकाला आठवड्यातले खरोखरचे मोकळे तास कागदावर लिहायला लावते. रविवारचा आख्खा दिवस कुणी मोकळा दाखवला तर त्यातला निम्मा खोडते.

श्रेयांकांची यादी उघडलीत की ठरावीक गोष्टी दिसतील. सिद्धांताचे अनिवार्य पेपर, संशोधन पद्धतीचा किमान एक पेपर, काही ऐच्छिक विषय, कुठे कुठे क्षेत्रकार्य किंवा इंटर्नशिप, आणि शेवटी प्रबंध, प्रकल्प किंवा सर्वंकष परीक्षा, म्हणजे सगळ्या अभ्यासक्रमावरची एकच परीक्षा. क्षेत्रकार्याचं वजन विषयावर अवलंबून. समाजकार्यात तो पदवीचा कणाच आहे. अमेरिकेत समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला किमान ९०० तासांचं क्षेत्रकार्य सक्तीचं असतं. राज्यशास्त्रात ते कित्येकदा नसतंच, आणि अर्थशास्त्रात ती मेहनत संख्याशास्त्रात आणि अर्थमितीत, म्हणजे आर्थिक प्रश्नांना संख्याशास्त्र लावण्यात, करावी लागते. याखेरीज हजेरी, किमान सरासरी आणि अभ्यासक्रम पुरा करायची कमाल मुदत. या तिन्ही गोष्टी तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेतलात त्या वर्षीच्या पुस्तिकेत पाहा. मधल्या काळात नियम बदलले असतील तर तुम्हाला जुने लागू की नवे, हे कार्यालयाकडून लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका. आणि मुदत संपत आली असेल तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी गेला पाहिजे. नंतर केलेला अर्ज कितीही खऱ्या अडचणीचा असला तरी तो वेगळ्याच टेबलावर जातो आणि तिथून लवकर परत येत नाही.

लघुप्रबंधाऐवजी पेपर देता येतील का? काही विद्यापीठांत येतात. अमेरिकेत तर बऱ्याच विभागांत प्रबंधाची वाट आणि बिगरप्रबंधाची वाट अशा दोन उघड वाटा असतात. दुसरीत जादा पेपर आणि शेवटी सर्वंकष परीक्षा. पण वाट बदलायची मुदत बहुधा आधीच्या सत्रातच संपलेली असते, ते तपासा. माझं मत विचाराल तर ते सरळ आहे. पुढे पीएच.डी. किंवा संशोधनाशी संबंधित कुठलीही नोकरी मनात असेल तर लघुप्रबंध सोडू नका. सामाजिक शास्त्रांतल्या सगळ्या पेपरांत तुम्ही दुसऱ्यांनी शोधलेलं समजून घेता. स्वतः एक प्रश्न विचारून, पुरावा गोळा करून, त्याचं उत्तर स्वतःच्या नावावर देण्याची वेळ सबंध अभ्यासक्रमात ही एकदाच येते. पदवी नोकरीतल्या बढतीसाठी हवी असेल आणि घरातली ओढाताण जास्त असेल, तर पेपरांची वाट घ्यायला काहीच हरकत नाही. त्यात कमीपणा मानू नका.

आता तुमचा विषय. ‘समाजमाध्यमांचा तरुणांवर होणारा परिणाम’ हा विषय आहे, प्रश्न नाही. मार्गदर्शकांना हेच म्हणायचं असणार. त्यातला एकेक शब्द हातात घेऊन बघा. समाजमाध्यमं म्हणजे कोणती? घरच्या गटातले निरोप, अनोळखी लोकांचे व्हिडिओ आणि नोकरीसाठी केलेलं प्रोफाइल या तीन गोष्टी माणसाच्या आयुष्यात तीन वेगळी कामं करतात. तरुण म्हणजे कोण? संयुक्त राष्ट्रसंघ आपल्या आकडेवारीत १५ ते २४ हे वय धरतो, पण पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी आणि चोवीस वर्षांचा कमावता मुलगा एका वाक्यात बसवून तुम्ही त्या दोघांबद्दल काय सांगणार?

आणि ‘परिणाम’. सामाजिक शास्त्रांतला सर्वांत महागडा शब्द हा. अमुकचा तमुकवर परिणाम झाला म्हणायचं तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: कारण आधी घडलं, दोन्ही गोष्टी एकत्र बदलतात, आणि दोन्हींना हलवणारं तिसरंच काही मागे नाही. एकटं वाटतं म्हणून मुलं फोनला चिकटतात की फोनला चिकटतात म्हणून एकटी पडतात, याचा निवाडा पंधरा मुलाखतींतून होत नाही. त्याला तुलनेचा गट लागतो, किंवा त्याच माणसांची वर्षानुवर्षं केलेली पाहणी लागते. तुमच्याकडे तेवढा काळ नाही. मग ज्याचं उत्तर तुमच्या हातातल्या साधनांनी मिळेल असा प्रश्न विचारायचा. ‘परिणाम काय होतो’ याऐवजी ‘कसं करतात’, ‘कसं ठरवतात’, ‘काय अर्थ लावतात’.

उदाहरण देते. तुम्ही नोकरी करता. तुमच्या आसपास पहिल्यांदाच नोकरीला लागलेली, बावीस ते पंचवीस वर्षांची मुलंमुली असतील. कार्यालयाच्या गटात सुट्टीच्या दिवशी साहेबांचा निरोप येतो. उत्तर द्यायचं, नुसता अंगठा दाखवायचा, की पाहिलंच नाही असं करायचं? आणि हे ठरवताना कोण कुणाकडे बघतं? ‘नव्याने नोकरीला लागलेले कर्मचारी कामाच्या वेळेबाहेर आलेल्या गटसंदेशांना उत्तर द्यायचं की नाही हे कसं ठरवतात’ हा एक धड प्रश्न झाला. त्यात माध्यम ठरलं, माणसं ठरली, प्रसंग ठरला. या लोकांपर्यंत तुम्ही पोचू शकता. आणि हा प्रश्न आपोआप सत्ता, श्रम, वेळ, लिंगभाव या तुमच्या पेपरांतल्या संकल्पनांकडे जातो, ओढून न्यावा लागत नाही. मात्र स्वतःच्याच विभागातल्या सहकाऱ्यांच्या मुलाखती घेऊ नका. उद्या त्यांच्यासोबत काम करायचं आहे, ते खरं बोलणार नाहीत आणि बोलले तर तुम्हाला ते जड जाईल.

प्रश्न लहान केला की गुण कमी पडतील, ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. परीक्षकाच्या खुर्चीतून सांगते, उलट आहे. मोठ्या विषयाचा लघुप्रबंध उघडला की पहिली चाळीस पानं समाजमाध्यमांचा इतिहास आणि व्याख्या यांत जातात, आणि विद्यार्थ्याने स्वतः काय शोधलं ते शेवटच्या पंधरा पानांत घाईघाईने उरकलेलं असतं. लहान प्रश्नाच्या प्रबंधात पाचव्या पानावर माणसं बोलायला लागतात.

आधीच्या संशोधनाच्या आढाव्याबद्दल थोडक्यात. ‘अमुक यांनी असं म्हटलं आहे, तमुक यांनी तसं म्हटलं आहे’ अशी एकाखाली एक रास घालू नका. तुमच्या प्रश्नावर अभ्यासकांचं कुठे एकमत आहे, कुठे भांडण आहे आणि कुठे कुणी पाहिलेलंच नाही, एवढं सांगा. तीसेक चांगले लेख नीट वाचलेत तर ते शंभरांच्या यादीपेक्षा जास्त दिसतं.

आता मुलाखती किती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या साठ मुलाखती तपासून पाहिल्या होत्या, नवीन मुद्दे येणं कितव्या मुलाखतीला थांबतं हे बघायला. बहुतेक सगळे मुद्दे पहिल्या बारांतच येऊन गेले होते. तेव्हापासून ‘बारा’ हा आकडा विद्यार्थ्यांत मंत्रासारखा फिरतो. पण त्या अभ्यासातल्या बायका बऱ्यापैकी सारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारले होते, हे कुणी सोबत सांगत नाही. तुमचे लोक एकाच प्रकारच्या कामातले असतील तर बारा ते पंधरा पुरतील. निम्मे कारखान्यातले आणि निम्मे बँकेतले घेतलेत तर ते दोन गट झाले, मग प्रत्येक गटाचा वेगळा विचार करा. खरी खूण ही: सलग दोन-तीन मुलाखतींत तुमच्या वहीत नवीन काहीच लिहावं लागलं नाही, की थांबा. आणि कुठे थांबलात व का, हे पद्धतीच्या प्रकरणात लिहा, परीक्षक नक्की विचारतो.

सर्वेक्षण करायचं ठरवलंत तर ३८४ हा आकडा तुमच्या कानावर येईल. तो कुठून येतो ते माहीत असू द्या. लोकसंख्या मोठी आहे, ९५ टक्के खात्री हवी, पाच टक्के इकडेतिकडे चालेल, आणि नमुना यादृच्छिक आहे, म्हणजे लोकसंख्येतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी आहे, तर साधारण ३८४ जण पुरतात. यातली शेवटची अट सगळे विसरतात. ऑनलाइन अर्ज तयार करून ओळखीच्या गटांत फिरवला आणि ३८४ उत्तरं जमवली, तर तो ३८४ ओळखीच्यांचा नमुना झाला. नुसत्या संख्येने काही होत नाही, याचा धडा १९३६ सालचा आहे. अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, तेवीस-चोवीस लाख भरून आल्या, आणि त्यांवरून रिपब्लिकन उमेदवार लँडन हे तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना हरवणार असं भाकीत केलं. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्टनी जिंकली. पत्ते घेतले होते दूरध्वनीच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून. मंदीच्या त्या काळात या दोन्ही गोष्टी घरात असणारा माणूस सर्वसाधारण मतदार नव्हता. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारेही वेगळे होते. तेव्हा ऑनलाइन अर्जच वापरायचा असेल तर वापरा, पण निष्कर्षात ‘तरुणांपैकी इतके टक्के’ असं लिहू नका, ‘उत्तर दिलेल्यांपैकी’ असं लिहा.

माणसांपर्यंत जाणं शक्यच नसेल तर तयार माहितीवरही उत्तम लघुप्रबंध होतो. जनगणना, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणं, १९८१पासून अनेक देशांत होत आलेलं जागतिक मूल्य सर्वेक्षण, असं बरंच काही विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळतं. इथे एका सापळ्यापासून सांभाळा. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० साली अमेरिकेच्या १९३०च्या जनगणनेवरून दाखवलं की ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त, तिथे निरक्षरता कमी. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती एकत्र बदलतात याचं उणे एक ते अधिक एकमधलं माप, उणे ०.५३ च्या जवळपास. म्हणजे परदेशी लोक जास्त साक्षर होते का? नाही. माणसागणिक आकडे पाहिले तर सहसंबंध उलट, अधिक ०.१२ च्या आसपास निघाला. परदेशी लोक वस्तीला गेले होते अशा राज्यांत, जिथे स्थानिक लोक आधीच जास्त साक्षर होते. जिल्ह्यांचे किंवा राज्यांचे आकडे वापरलेत, तर तुमचं वाक्यही जिल्ह्याबद्दल किंवा राज्याबद्दलच हवं. माणसांबद्दल बोलायचं तर माणसांची माहिती लागते.

परवानग्यांचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढला आहे. माणसांशी बोलायचं असेल तर बहुतेक ठिकाणी विभागाच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते, आणि शाळा, रुग्णालय, कारखाना अशा संस्थेत जायचं तर त्या संस्थेचीही. समितीची बैठक महिन्यातून एकदा होते, कधी दोन महिन्यांतून. त्यांनी एक शंका काढली की पुढची बैठक. मंजुरीआधी घेतलेल्या मुलाखती बहुतेक ठिकाणी वापरता येत नाहीत. एका विद्यार्थ्याने उत्साहाच्या भरात नऊ मुलाखती आधीच उरकल्या होत्या. चांगल्या होत्या, मी वाचल्या. त्या बाजूला ठेवून त्याला नवे नऊ लोक शोधावे लागले आणि एक सत्र गेलं. म्हणून प्रश्न ठरला की त्याच आठवड्यात अर्ज करा. समितीची वाट पाहायच्या काळात आढावा लिहून होतो.

हे नुसतं कागदी सोपस्कार वाटू नये म्हणून एक प्रसंग सांगते. १९६०च्या दशकात अमेरिकेत लॉड हम्फ्रीज या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने सार्वजनिक शौचालयांत समलिंगी संबंधांसाठी चोरून भेटणाऱ्या पुरुषांचा अभ्यास केला. पहारा देणारा म्हणून तो तिथे उभा राहिला, त्यांच्या गाड्यांचे क्रमांक टिपले, त्यांवरून पत्ते काढले, आणि वर्षभराने रूप बदलून, आरोग्य सर्वेक्षणाच्या नावाखाली त्यांच्या घरी जाऊन बसला. त्याला जे सापडलं ते महत्त्वाचं होतं: यातले पुष्कळ जण लग्न झालेले, चारचौघांसारखे संसार करणारे होते. पण असं घरी जाऊन गाठलेल्यांनी या अभ्यासाला संमती दिलेली नव्हती, आणि ती यादी पोलिसांच्या हाती पडली असती तर माणसं तुरुंगात गेली असती. १९७९ साली अमेरिकेत निघालेल्या बेल्मोंट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वं मांडली, आणि आज जगभरातल्या समित्या जे प्रश्न विचारतात त्यांतले बरेच तिथून आलेले आहेत. तुमच्या अभ्यासात धोका लहान वाटेल. पण ‘साहेबांचा निरोप मी मुद्दाम उघडत नाही’ असं सांगणारा मुलगा कोण, हे त्याच्या साहेबांना तुमचा प्रबंध वाचून कळलं, तर त्याची नोकरी जाऊ शकते. नाव बदलणं पुरत नाही. ‘लेखा विभागातली एकुलती एक मुलगी’ असं लिहिलंत की नाव लिहिल्यासारखंच झालं.

संमतीपत्र एका पानाचं, साध्या भाषेत हवं: अभ्यास कशाचा, वेळ किती लागेल, ध्वनिमुद्रण करणार का, ते कुठे ठेवणार, कधी पुसणार, आणि मधेच थांबावंसं वाटलं तर थांबता येईल. समोरच्याला वाचायला वेळ द्या. सही लगेच मागू नका.

मुलाखत झाल्यावर ती शब्दशः उतरवून काढायला तिच्या चौपट तरी वेळ लागतो, तो हिशेबात धरा. यंत्राकडून उतरवून घेतलीत तर ध्वनिफीत लावून एकदा स्वतः ताडून पाहा. विश्लेषण तिथूनच सुरू होतं. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांवर काम करणारी एक विद्यार्थिनी माझ्यासमोर बसली होती. एका बाईंचं वाक्य होतं: ‘घरी गेल्यावर झोप येत नाही असं नाही हो, झोपायची परवानगी नसते.’ विद्यार्थिनीने समासात लिहिलं होतं, ‘थकवा’. मी विचारलं, परवानगी कुणाची? ती गप्प झाली. मग तिने बाकीच्या मुलाखती काढल्या आणि तो शब्द किंवा त्याचे भाऊबंद शोधायला लागली. ‘सासूबाई काही बोलत नाहीत, पण दार उघडंच ठेवतात.’ ‘दुपारी पडलेलं बरं दिसत नाही.’ सगळीकडे झोप ही शरीराची गोष्ट नव्हती, घरातल्या हक्काची गोष्ट होती. तिचं ‘थकवा आणि ताण’ नावाचं प्रकरण तिथे मोडलं आणि ‘झोपेचा हक्क कुणाला’ असं नवं उभं राहिलं. समासात संकेत, म्हणजे वाक्याचा आशय सांगणारा छोटा शब्द, लिहिताना आपला शब्द लगेच लावू नका. आधी त्यांचा शब्द उचला, तो तिथे का आला ते विचारा.

उसनवारीचं सांगणं भाग आहे. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० असेल तर सुधारित प्रत द्यायला वर्षभर बंदी, आणि ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. अवतरण देऊन नाव घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची यात मोजत नाहीत, आणि योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही नाहीत. दुसऱ्या देशांतले आकडे वेगळे असतात, पण रीत हीच. मात्र टक्का कमी करण्यासाठी शब्द उलटसुलट करत बसणं हा वेळेचा सर्वांत वाईट खर्च. बहुतेक साम्य वाईट हेतूने येत नाही. वाचताना केलेल्या टिपणात लेखकाचं वाक्य आणि आपलं वाक्य यांत फरक ठेवलेला नसतो, आणि चार महिन्यांनी ते आपलंच वाटतं. म्हणून टिपण काढतानाच उतरवलेल्या वाक्याला अवतरण चिन्ह आणि पान क्रमांक लावा. झोटेरोसारखी संदर्भ नोंदवून ठेवणारी विनामूल्य प्रणाली पहिल्या दिवसापासून वापरलीत तर संदर्भसूची शेवटच्या रात्री जुळवावी लागत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असेल तर विभागाचा नियम पाहा आणि कशासाठी घेतली ते प्रबंधात लिहा.

मार्गदर्शकांकडे रिकाम्या हाताने जाऊ नका आणि आख्खा प्रबंध घेऊनही जाऊ नका. दर भेटीला तीन-चार पानं आणि एक नेमका प्रश्न न्या. पद्धतीचं प्रकरण आधी लिहा, कारण ते तुम्ही प्रत्यक्ष केलेलं असतं आणि आठवण ताजी असते. मग निष्कर्षांची प्रकरणं, मग आढावा दुरुस्त करा, प्रस्तावना सर्वांत शेवटी. शब्दमर्यादा बहुधा दहा ते वीस हजारांच्या मधे कुठेतरी असते. ओलांडू नका, परीक्षकाला ते लगेच जाणवतं.

तोंडी परीक्षेची भीती बाळगू नका. तुमच्या पंधरा लोकांबद्दल त्या खोलीत तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मी स्वतः पहिला प्रश्न बहुतेक हाच विचारते: तुम्हाला काय सापडेल असं वाटलं होतं आणि काय सापडलं नाही? दुसरा, पंधराच का आणि हेच का? तिसरा, या अभ्यासातून काय म्हणता येणार नाही? तिन्हींची उत्तरं आधी मोठ्याने बोलून पाहा. परीक्षकांनी दुरुस्त्या सुचवल्या तर घाबरू नका, बहुतेकांना सुचवतात. त्या मुदतीत करून, मार्गदर्शकांची सही घेऊन, सुधारित प्रत ग्रंथालयात जमा करा. ग्रंथालयाचं आणि शुल्काचं ‘काही बाकी नाही’ पत्र त्याच फेरीत घ्या. निकाल लागूनही प्रमाणपत्र अडतं ते बहुधा एखाद्या न परतवलेल्या पुस्तकापायी.

आणि संमतीपत्रात ध्वनिमुद्रण पुसायची जी तारीख दिली होती, ती आजच दिनदर्शिकेत लिहून ठेवा. त्या दिवशी फोनवरची, संगणकावरची आणि ऑनलाइन साठवणीतली, तिन्ही ठिकाणची प्रत पुसा. ज्यांनी ‘प्रबंध झाला की कळवा’ असं सांगितलं होतं, त्यांना दोन पानांचा सारांश पाठवा.